कॉन्ट्रा, आम्ही दोघे भाऊ आणि एक धबधबा

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. घाटकोपरच्या डोंगरावर थोरल्याच्या घरी पोरे सुटीला जमली होती. धाकट्याची मुलगी डोंबिवलीहून आली होती. थोरल्याच्या मुलाने टीव्हीच्या मागे खोचायची एक पट्टी बाजारातून आणली होती. त्या बोटभर पट्टीत जुने शेकडो खेळ भरलेले असतात. पोरांनी त्यातला नेमका कॉन्ट्रा लावला. थोड्या वेळाने आत भांडण पेटले.

"तू मला मारलंस!"

"मी कुठं मारलं दादा? मी तर वर चढत होते."

"वर चढलीस म्हणूनच मेलो ना मी!"

आम्ही दोघे भाऊ बाहेर ओट्यावर चहा पीत बसलो होतो. हे शब्द कानावर आले आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग दोघेही गप्प झालो. तीस वर्षांपूर्वी याच खोलीत, याच खेळात, याच टप्प्यावर आमचे हेच भांडण व्हायचे. आणि पुढे खेळाबाहेरही एकदा झाले.

ते सांगण्यासाठी हा मजकूर. दोघांनी एकत्र बसून लिहिला आहे, म्हणून यात 'मी' हा शब्द नाही. जिथे एकट्याचे सांगायचे आहे तिथे थोरला किंवा धाकटा असे लिहिले आहे. चुका दोघांच्याही आहेत. त्या लपवून काही उपयोग नाही.

आमचे बाबा परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती कायमचीच. पुढे त्यांनी मिळेल ते काम केले, शेवटी एका गोदामावर रखवालदार झाले. आई डोंगराच्या पायथ्याशी भाजी विकायची. पाण्याचा नळही पायथ्याशीच. पहाटे आम्ही दोघे भाऊ कॅन घेऊन वर चढायचो. थोरला चौदा वर्षांचा, धाकटा दहाचा. १९९४ साल असेल ते.

त्याच साली वस्तीत एकाने आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचे दुकान टाकले. एक रुपयाला एक खेळ. दाराला गोणपाटाचा पडदा. आत वीस-वीस पोरे, दोघे खेळणार आणि बाकीची घामाघूम होऊन बघणार. शाळा सुटली की दप्तरासकट पोरे तिथे. वस्तीतल्या बायका त्या दुकानाला शिव्या द्यायच्या, आणि त्यांचे काही चुकत नव्हते. आम्ही स्वतः एकदा आईच्या भिशीच्या डब्यातून वीस रुपये काढले. डबा थोरल्याने उघडला आणि दारावर धाकटा उभा राहिला. आठ दिवसांत ते पैसे त्या पडद्याआड गेले. आईला कळले तेव्हा तिने हात उगारला नाही. महिनाभर तिने दुपारचा चहा सोडला आणि भिशीचा हप्ता भरला. आम्हाला समोर बसवून ती नुसती कोरडी भाकरी खायची. तो मार आजही लागतो.

आता हा खेळ काय होता, ते ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन उघडेबंब, पिळदार अंगाचे सैनिक, हातात बंदुका. नावे बिल आणि लान्स. जंगलातून उजवीकडे पळत सुटायचे, समोरून येईल त्याला गोळी घालायची. आपल्याला एक गोळी लागली की एक लाइफ गेली. आकाशातून डबी उडत जायची, ती फोडली की अक्षर खाली पडायचे. त्यातले 'एस' अक्षर घेतले की एका वेळी पाच दिशांना गोळ्या सुटत. त्या 'एस'साठी सख्खे भाऊ एकमेकांना कोपराने ढकलत. जंगल, किल्ला, धबधबा, पुन्हा किल्ला, बर्फ, अशा आठ स्टेजेस. आणि शेवटी एका राक्षसी प्राण्याचे धडधडणारे काळीज. रक्त कुठे दिसत नसे. मेलेला शत्रू लहानशा स्फोटात नाहीसा व्हायचा. पण एका बैठकीत किती माणसे मारली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

हा खेळ जपानच्या कोनामी कंपनीचा. १९८७ साली तो आधी मोठ्या यंत्रावर आला. नाणे टाकायचे आणि उभ्याने खेळायचे, तसले कपाटाएवढे यंत्र. आमच्या डोंगरावरच्या पोरांनी ते कधी पाहिले नाही. १९८८ साली तोच खेळ निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी कॅसेटवर आला. त्या कॅसेटी चालणारे सेट आपल्याकडे सामुराई, मीडिया अशा नावांनी विकले जात. स्वस्तातल्या नकलाही पुष्कळ होत्या. म्हणजे आम्ही ज्याला 'कॉन्ट्रा' म्हणून ओळखतो तो मूळ खेळाचा घरगुती अवतार.

नाण्याच्या यंत्राचे गणित आम्हाला मोठेपणी समजले. खेळणारा लवकर मेला तर दुसरे नाणे पडते, म्हणून तसले खेळ मुद्दाम अवघड करतात. घरी नाणे नसते, पण अवघडपणा तसाच राहिला. तीन लाइफमध्ये शेवट गाठणे म्हणजे नवस फेडण्यासारखे होते. मग कुठून तरी ती चावी वस्तीत आली: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. सुरुवातीला एवढी बटणे दाबली की तीनच्या तीस लाइफ होत. ही चावी पाढ्यांसारखी पाठ असलेले लोक आज चाळीस-पंचेचाळीसचे झाले आहेत. ती काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्याच कारागिराने केलेली. १९८६ साली 'ग्रेडियस' हा दुसरा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना त्याला तो तपासावा लागे, आणि त्याला स्वतःलाच तो जड जाई. म्हणून त्याने आपल्या सोयीसाठी चावी ठेवली, आणि ती तशीच राहून गेली. हाशिमोतो २०२० साली वारला. आमच्या दुकानदाराला मात्र ही चावी मुळीच खपत नसे. एक रुपयात तीस लाइफ दिल्या तर त्याने खायचे काय? कोणाची बोटे वर-वर-खाली-खाली करायला लागली की तो मागून टपली मारायचा.

१९९६ साली थोरला दहावी पास झाला. बावन्न टक्के. पुढे शिकायची इच्छा होती, पण बाबांची तब्येत खालावली होती आणि दोघांची फी निघणार नव्हती. एके रात्री थोरलाच म्हणाला, "बाबा, धाकट्याला शिकू द्या. मी कामाला लागतो." साकीनाक्याच्या एका गाळ्यात तो हेल्पर म्हणून लागला. पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून त्याने आईला लुगडे घेतले आणि उरलेल्या पैशांत एक जुना टीव्ही गेम आणला. धाकट्याने पुन्हा त्या पडद्याआड जाऊ नये म्हणून आणला, असे तो सांगायचा. खरे म्हणजे त्यालाही खेळायचे होते. सोळा वर्षांचे पोरच होते ते.

आमचा टीव्ही काळा-पांढरा. ॲन्टेनाच्या जागी वायर खोचली, कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि कॉन्ट्रा सुरू झाला. बाबा कोपऱ्यात बसून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "गोळ्या कुणाला घालताय?"

"शत्रूला."

"कसला शत्रू? काय केलं त्यानं तुमचं?"

आम्हाला सांगता येईना. बाबा म्हणाले, "हे पळत येणारे तर पोटासाठी कामावर आलेलेच दिसतात. रविवारी विहारात जीव घेणार नाही म्हणता, आणि घरी येऊन एवढे मुडदे पाडता?"

त्यांनी सेट फेकून दिला नाही. रविवारी अर्धा तास, तोही अभ्यास झाल्यावर, एवढे बंधन घातले. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते आम्हाला पुष्कळ वर्षांनी, वाचनातून, थोडेफार मिळाले.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा लहानसा देश आहे. तिथे १९७९ साली सँडिनिस्टा क्रांतिकारकांनी सोमोझा घराण्याची हुकूमशाही उलथवली. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांना 'कॉन्ट्रा' म्हणत. त्यांना अमेरिकेच्या सरकारने पैसा आणि शस्त्रे पुरवली. १९८६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याबद्दल अमेरिकेला दोषी धरले. इराणला चोरून शस्त्रे विकून तो पैसा कॉन्ट्रांकडे वळवल्याचे प्रकरणही त्याच वर्षाच्या शेवटी फुटले आणि जगभर गाजले. दोन-तीन महिन्यांत या नावाचा खेळ बाजारात आला. नाण्याच्या यंत्रावर खेळ संपल्यावर जे संगीत वाजते, त्याचे नाव 'सँडिनिस्टा'. जपानी गोष्टीत मात्र काळ २६३३ सालचा आणि शत्रू परग्रहावरचा. अमेरिकेत विकलेल्या कॅसेटच्या पुस्तिकेत तेच सारे दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आणून ठेवले होते.

युरोपात आणखी वेगळे घडले. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या हिंसक खेळांबाबत जर्मनीत नियम कडक होते. म्हणून १९९० साली तिकडे घरगुती खेळ आला तेव्हा त्यातली माणसेच काढून टाकली. बिल-लान्सच्या जागी यंत्रमानव, पळत येणाऱ्या शिपायांच्या जागीही यंत्रमानव, आणि नाव 'प्रोबोटेक्टर'. म्हणजे बाबांना रखवालीवरून आल्यावर जो प्रश्न पडला, तो तिकडच्या मोठमोठ्या लोकांनाही पडला होता. त्यांनी पडद्यावरची माणसे बदलली. आमच्या बाबांना ती सोय नव्हती. त्यांनी पोरांना विचारून बघितले.

आता धबधब्याकडे येतो.

कॉन्ट्रात तिसरी स्टेज धबधब्याची. इतर वेळी आडवे पळायचे, इथे उभे चढायचे. खडकावरून खडकावर उड्या मारत वर जायचे. जो पुढे जातो त्याच्याबरोबर चित्र वर सरकते. मागे राहिलेला भिडू चित्राच्या खालच्या कडेला आला की मेला. त्याला गोळी लागत नाही, शत्रू शिवत नाही. केवळ सोबतचा घाईने वर गेला म्हणून तो मरतो. या खेळात एकाची गोळी दुसऱ्या भिडूला लागतच नाही. कितीही झाडा, आरपार जाते. भिडूला मारायचा रस्ता एकच, त्याला मागे टाकून वर चढणे.

थोरल्याचा हात चपळ. तो सरसर वर जायचा आणि धाकटा दर वेळी खाली मरायचा. धाकटा रडायचा, रिमोट आपटायचा. थोरला म्हणायचा, "मग चढ ना लवकर!" आई तांदूळ निवडता निवडता बघत असे. तिला त्या खेळातले काही कळत नव्हते, पण एवढे कळले. ती म्हणाली, "आरं, त्याला घेऊन जा की वर. तुला कोण मेडल देणार हाय का एकट्याला?"

त्यानंतर आम्ही एक रीत पाडली. थोरला एक उडी मारायचा आणि थांबायचा. धाकटा आला की पुढची. धाकटा ओरडायचा, "आलो!" मगच थोरला हलायचा. असे करत एका रविवारी तीस लाइफवर आम्ही शेवटच्या काळजापर्यंत पोचलो. त्या दिवशी बाबांनी अर्ध्या तासाचा हिशेब ठेवला नाही.

पुढची वर्षे तशीच गेली. थोरला हेल्परचा ऑपरेटर झाला. धाकट्याच्या डिप्लोमाची फी, पुस्तके, एक जोडी बूट, सगळे त्या गाळ्यातून आले. २००३ साली धाकट्याला नोकरी लागली. २००८ साली बाबा गेले. २०११ साली धाकट्याने डोंबिवलीला घर घेतले. सुरुवातीला दर रविवारी डोंगरावर येणे व्हायचे. मग महिन्याने, मग सणाला. हप्ते होते, मुलीची शाळा होती, गाडीला गर्दी होती. कारणे खरी होती. पण हेही लिहितो की डोंगराचा पत्ता ऑफिसात सांगायला धाकट्याला जड जाऊ लागले होते. घाटकोपर एवढेच तो सांगायचा.

२०१७ साली गाळ्यातल्या प्रेसमध्ये थोरल्याचा उजवा हात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट गेले. मालकाने दवाखान्याचे पैसे दिले आणि घरी बसायला सांगितले. इतकी वर्षे काम करून ई.एस.आय.चे कार्ड नव्हते.

धाकट्याला हे अकराव्या दिवशी कळले, तेही शेजाऱ्याच्या फोनवरून. तो धावत आला आणि दारातच ओरडला, "मला सांगितलं का नाही?" थोरला पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "तुला कशाला त्रास द्यायचा. तू तुझ्या गडबडीत असतोस." धाकटा आणखी चिडला. वहिनी तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "भाऊजी, शेवटी कधी आला होता तुम्ही? आठवतंय का?"

आठवले तेव्हा नऊ महिने झाले होते.

चूक धाकट्याची होती हे आम्हा दोघांना मान्य आहे. पण थोरल्याचीही एक होती, ती तो स्वतःच सांगतो. मागे राहिलेल्याने हाक मारायची असते. लहानपणी धाकटा "आलो!" म्हणून ओरडायचा तेव्हाच वरच्याला कळायचे. थोरल्याने कधी हाक मारली नाही. मोठ्याने लहान्याकडे कसे मागायचे, हा अभिमान आडवा आला.

धाकट्याने रजा काढली. कामावरच्या अपघाताची भरपाई मागता येते, अर्जाला दोन वर्षांची मुदत असते, हे त्याने शोधून काढले. हजेरीचे कागद, दवाखान्याचे कागद, सोबतच्या कामगारांच्या सह्या गोळा केल्या. कामगार कार्यालयाच्या किती खेपा झाल्या त्याची मोजदाद नाही. दीड वर्षाने तडजोड झाली. रक्कम बोटांच्या मानाने थोडीच होती, पण त्यातून थोरल्याने पायथ्याशी किराणाचे लहान दुकान टाकले. ते चालते आहे. त्या खेपांत आम्ही दोघे एका बाकावर बसायचो आणि घरचा डबा वाटून खायचो. नऊ महिन्यांचे बोलणे त्या बाकांवर झाले.

वाचकहो, आपल्या घरोघरी आज पोरांच्या हातात फोन आहेत. कॉन्ट्रापेक्षा कितीतरी भयंकर खेळ त्यांत आहेत. रक्त दिसते, किंकाळ्या ऐकू येतात. कॉन्ट्राही संपलेला नाही. २०२४ साली त्याच पहिल्या खेळाची नवी आवृत्ती निघाली. आईबापांना काळजी वाटते ती योग्यच आहे. आम्ही काही मोठे जाणकार नाही, पण स्वतःच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पैशाची. पोराचे नुकसान आधी खेळातल्या गोळीने होत नाही, डब्यातल्या पैशाने होते. आता तर खेळातल्या बंदुका आणि कपडेसुद्धा पैसे देऊन विकत मिळतात. फोनला जोडलेल्या खात्यावर नजर ठेवा. दुसरी गोष्ट, पोराच्या शेजारी दहा मिनिटे बसा आणि बाबांनी विचारले तसे विचारा: गोळ्या कुणाला घालतोस, आणि का? उत्तर आले नाही तरी चालेल. आमच्या डोक्यात तो प्रश्न तीस वर्षे टिकला. तिसरी, वेळ ठरवून द्या आणि ती स्वतःही पाळा. बापाच्या हातात रात्री बारापर्यंत फोन असेल तर पोर ऐकणार नाही. चौथी, एकट्याने कोपऱ्यात खेळण्यापेक्षा बहीण-भावाने एकत्र खेळलेले बरे. भांडतील, पण ते भांडणही कामाचे असते.

त्या दिवशी मे महिन्यात आम्ही आत गेलो. पोरांना वाटले आता टीव्ही बंद होणार. थोरल्याने भाच्यासारखा लाड करत पुतणीच्या हातातला रिमोट मागून घेतला. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटे आहेत, पण बटणे अंगठ्यानेच दाबायची असतात, त्यामुळे अडत नाही. दुसरा रिमोट धाकट्याने घेतला. धबधबा लावला.

थोरल्याचा हात आता पूर्वीसारखा चपळ राहिला नाही. पहिल्या उडीतच धाकटा वर गेला आणि थांबला.

"दादा, आलास का?"

"आलो."

मग पुढची उडी. पोरे कंटाळून म्हणाली, किती हळू खेळता तुम्ही! आई खाटेवर पडली होती. आता तिला नीट दिसत नाही. तिने विचारले, "दोघं बी वर गेले का रं?"

तिसऱ्या प्रयत्नात गेलो.